सुई, काडी आणि बोट

आमच्या घरमालकीण मावशींच्या पदराला कायम एक सुई टोचलेली असायची, आणि त्यांना साधं बटण लावता येत नव्हतं. सुई भिंतींसाठी होती. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या घराला भेग गेली की पहिलं बोलावणं मावशींना जायचं. त्या चष्मा लावून यायच्या, भिंतीवर दोन टिचक्या मारायच्या, मग पदराची सुई काढून भेगेत घालून पाहायच्या. त्यांचा नियम साऱ्या गल्लीला पाठ होता. "सुई गेली तं रंगारी. काडेपेटीची काडी गेली तं मिस्त्री. अन बोट गेलं तं मुकाट्यानं इंजिनिअर बोलवा, मले काही विचारू नका."

हे ज्ञान त्यांना यजमानांकडून मिळालेलं. ते सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आम्ही राहायला जाण्याच्या कितीतरी आधी ते गेले, पण मावशींच्या बोलण्यात ते रोज यायचे. मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत; तरी बीम, कॉलम, प्लिंथ हे शब्द त्या भाजीच्या भावासारखे सहज बोलायच्या. एखादा मिस्त्री त्यांच्यासमोर जास्त शहाणपणा करू लागला तर म्हणायच्या, "काहून गा, तू माह्या मालकापेक्षा जास्त स्लॅब टाकले का?" मिस्त्री थापी उचलून कामाला लागायचा.

आणि त्यांचं खरं ठरायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. समोरच्या घरात नवीन सून आली होती. ताज्या रंगाला केसाएवढी रेघ दिसली म्हणून ती रडकुंडीला आली. मावशींनी सुई लावली, सुईसुद्धा आत शिरेना. "अवं, ही प्लास्टरची सुरकुती हाय. इंजिनिअर आला तं हसन तुले," म्हणून त्यांनी तिच्याकडूनच चहा करून घेतला. उलट, कोपऱ्यावरच्या निवृत्त सरांच्या गॅलरीखाली त्यांचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, तेव्हा सर म्हणत होते, मिस्त्री दोन दिवसांत लिंपून देतो, उगीच इंजिनिअर कशाला. मावशी त्यांच्या पायरीवर बसूनच राहिल्या. "फोन लावा सर. तुम्ही फोन नाही लावाल तं मी इथंच जेवून घेईन." इंजिनिअर आला, त्यानं गॅलरी ठोकून पाहिली आणि सगळ्यांना आधी खाली उतरवलं. आतलं लोखंड गंजानं पार खाल्लं होतं. त्यानंतर मावशींशी वाद घालायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

आम्ही त्यांच्याकडे आलो ते दिवाळीनंतर. सासूबाईंना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेलेली आणि वाचा जवळजवळ बंद. तळमजल्याची खोली हवी, दार रुंद हवं, न्हाणीघर खोलीला लागून हवं. नवरा कामठीच्या शाळेत लिपिक, मी इथल्या शाळेत शिक्षिका. दोघांच्या सुट्टीचे रविवार घर शोधण्यात जायचे. झोपून असलेलं माणूस आहे म्हटलं की घरमालकांना अचानक गावाकडून येणारा भाचा आठवायचा. मावशींनी मात्र काही विचारलं नाही. मागची मोठी खोली उघडून दाखवली आणि म्हणाल्या, "म्हातारं माणूस घरात असलं का घराले वजन राहते. घेऊन ये त्यायले." मला इतकं बरं वाटलं की मी भिंतींकडे पाहिलंच नाही.

पुढचे चार महिने मावशींनी आम्हाला जे दिलं ते माझ्या सख्ख्या मावशीनंही दिलं नसतं. मी शाळेत गेले की त्या सासूबाईंजवळ येऊन बसायच्या. त्यांचे केस विंचरायच्या, मऊ खिचडी भरवायच्या, आणि अखंड बोलायच्या. सासूबाईंना उत्तर देता येत नव्हतं, त्यामुळे मावशींना हवा तसा श्रोता मिळाला होता, असं मी चेष्टेनं म्हणायची. "तुझ्या सासूले सगळं समजते वं मास्तरीणबाई," त्या म्हणायच्या, "डोयेच सांगतेत." सासूबाईंचे डोळे खरोखरच मावशी आल्या की दाराकडे वळायचे.

मग एप्रिल लागला. इथला उन्हाळा वेगळा सांगायला नको. अंगणातली काळी माती तडकायला लागली, आणि एका दुपारी सासूबाईंची चादर बदलताना त्यांच्या उशाच्या भिंतीवर मला भेग दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर जात होती, दारामागे शिरत होती, आणि वर जाता जाता रुंद होत होती. मी पलंगावर चढले. आधी काडी घातली. मग, का कोण जाणे, बोट घातलं. पहिलं पेर आत गेलं आणि बोटाला गार लागलं.

मी धावत मावशींकडे गेले. माझी खात्री होती की त्या आता उठतील, चष्मा लावतील आणि पायरीवर ठाण मांडतील. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उन्हाळा हाय. वावराले बी भेगा पडतेत. वावर पडते का?"

"मावशी, बोट जाऊन राहिलं आत."

"जाऊ दे. आपल्या घराची भेग मी मारबतीच्या दिवशी पाहतो. आधी नाही."

हे मला नवीन होतं. गल्लीत विचारल्यावर कळलं की ती मावशींची जुनी पद्धत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि घरातली इडापिडा घेऊन जा म्हणून तिला साकडं घालतात. त्या दिवशी मावशी स्वतःच्या घराच्या सगळ्या भिंतींवर सुई घेऊन फिरत आणि म्हणत, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत, भेगा बी घेऊन जाय." आणि दरवर्षी भेगा खरोखर मिटलेल्या असत. गल्लीला याचं भारी कौतुक होतं. दुसऱ्याच्या घरी मात्र मावशी मे महिन्यातही सुई लावत, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं, आणि त्यानंतर मला त्या खोलीत नीट झोप लागली नाही.

ते महिने मी रोज तेच प्रश्न घोळवत काढले. भाडेकरूनं घरमालकिणीच्या घरात परस्पर इंजिनिअर कसा आणायचा? आणला आणि तो म्हणाला खोली रिकामी करा, तर आम्ही जायचं कुठं? सासूबाईंना उचलायला चार माणसं लागत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घर त्यांचं, नियम त्यांचा. साऱ्या गल्लीले पटते, आपल्यालेच काय जास्त कळते?" पण तोही पलंग भिंतीपासून हातभर लांब सरकवून ठेवू लागला. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नंबर दिला. तो मी फोनमध्ये 'गॅस दुरुस्ती' या नावानं जपून ठेवला, इतकी मी घाबरत होते. रोज सकाळी मावशी खिचडी घेऊन यायच्या, त्याच भिंतीखाली बसायच्या, आणि मी त्यांना 'या मावशी' म्हणायची. मला त्यांचा संताप यायचा आणि त्यांच्याशिवाय माझा एक दिवसही चालत नव्हता.

पावसाळा आला आणि भेग खरंच बारीक होत गेली. तिच्याऐवजी दार कुरकुरायला लागलं. मागच्या खोलीचं दार चौकटीत घासायचं, म्हणून आम्ही ते सताड उघडंच ठेवायचो.

मारबतीच्या दिवशी मला सुट्टी होती. नवरा पोळ्यासाठी खाप्याला गेला होता, आमची थोडी शेती आणि एक बैलजोडी अजून तिथं आहे, आणि तो संध्याकाळी परतणार होता. सगळी गल्ली मिरवणूक पाहायला शहरात गेलेली. अकराच्या सुमारास मावशी नवं लुगडं नेसून सुई घेऊन आल्या. खिडकीपासून सुरुवात केली. सुई शिरली नाही. "पाहून घे," त्या म्हणाल्या, "गेली ना?" मग दारामागचा भाग पाहायचा म्हणून त्यांनी दार लोटलं. ते अडलं, तर खांद्यानं रेटून बंद केलं. तिथंही सुई शिरली नाही. मावशींचा चेहरा उजळला. मी दार उघडायला गेले, आणि ते उघडेना.

मी ओढलं, दोघींनी मिळून ओढलं. कडी हातात निघून आली. दार जागचं हललं नाही. खिडकीला गज. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. आम्ही खिडकीतून हाका मारल्या, पण मागे नुसता रिकामा प्लॉट होता आणि ऐकायला गल्लीत कोणी नव्हतं. सासूबाई पलंगावरून आमच्याकडे पाहत होत्या.

पहिला तास मावशींनी गमतीत नेला. "मारबतीनं आपल्यालेच पीडा समजून कोंडलं वाटते." मी खिडकीशी जाऊन पुन्हा हाका मारल्या. दीड वाजता सासूबाईंची गोळी चुकली. गोळ्या स्वयंपाकघरात होत्या. थोड्या वेळानं त्यांचं कापड ओलं झालं. मी उठायच्या आत मावशींनी नव्या लुगड्याचा पदर खोचला, न्हाणीघरातून पाणी आणलं, त्यांना कुशीवर वळवून स्वच्छ केलं, कोरडी चादर घातली. मी तिथं उभी राहून पाहत होते आणि या बाईवर चिडावं कसं, हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात पलंगाजवळची फरशी फटाक्यासारखी वाजली. दोन फरश्या मधून उचलल्या जाऊन त्रिकोणी उभ्या राहिल्या. सासूबाईंच्या तोंडून एक मोठा आवाज आला, तसा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मावशी वाकून त्या फरश्यांजवळ बसल्या.

"बाप्पा," त्या म्हणाल्या, "हे तं इतके साल नाही झालं."

"काय नाही झालं, मावशी?"

त्यांनी उचललेल्या फरशीवरून हात फिरवला. मग फरशीकडेच पाहत म्हणाल्या, "इथं खाली विहीर हाय."

मला आधी अर्थच लागला नाही. त्या एकदा बोलायला लागल्यावर थांबल्या नाहीत. प्लॉट घेतला तेव्हा त्यावर जुनी विहीर होती. कोणीतरी सांगितलं, नैऋत्येला विहीर चांगली नाही, बुजवा. पावसाळा तोंडावर होता, सरकारी घर सोडायचं होतं. ओव्हरसियरसाहेबांनी मुरूम टाकून नीट ठोकून भरायच्या ऐवजी बांधकामाचा मलबा लोटला, वरून काळी माती टाकली आणि त्याच्यावर खोली उठवली. "त्यायले समजत नव्हतं असं नाही वं. समजत होतं, म्हणूनच कोणाले सांगतलं नाही. ओव्हरसियरच्या घरात असं काम झालं म्हटलं का लोक काय म्हणतीन? मले म्हणे, तू बी सांगू नको." दुसऱ्याच उन्हाळ्यात भेग पडली. पावसाळ्यात मिटली. काळी माती पाण्यानं फुगते आणि भेग दाबून बंद करते, हे मावशींना यजमानांनीच समजावलं होतं. मारबतीचा दिवस त्यांनी तेव्हाच धरला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "आमच्या आईला तुम्ही विहिरीवर झोपवलं."

"पंचवीस साल काही झालं नाही, तं मले वाटलं आता नाहीच होत."

"दुसऱ्यांच्या दारात बसून राहता तुम्ही, इंजिनिअर बोलवा म्हणून!"

"हो," त्या म्हणाल्या. "तिथं मले भेव वाटे. इथं मी भेव वाटूच देत नव्हती. एकदा लपवलं का मंग दरसाल लपवा लागते, मास्तरीणबाई. सुटका नाही त्याच्यातून. बाहेरगावी राहते त्या माह्या पोराले बी नाही सांगतलं मी. तो म्हणन, माह्या बापानं असं केलं?"

मी खूप बोलले. सगळं इथं लिहीत नाही. त्यातलं काही मी माझ्या वयाच्या बाईलासुद्धा बोलू नये असं होतं. नंबर फोनमध्ये जपून ठेवल्याचंही मी सांगून टाकलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "काहून नाही लावला मंग तू?" मलाही तर बोट घालून सगळं कळलं होतं. घर जाईल, मावशींचा आधार जाईल म्हणून मीही मारबतीची वाट पाहत बसले होते. हे बोलणं चाललं असताना आमच्या दोघींच्या मध्ये सासूबाई पडून होत्या, आणि त्या सगळं ऐकत आहेत हे आम्हाला दोघींनाही आठवलं नाही.

अडीच-तीनच्या सुमारास कोपऱ्यावरचे सर मिरवणुकीहून परतले आणि त्यांनी हाका ऐकल्या. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार आणून चौकट फोडावी लागली. दार निघाल्यावर मावशी पहिल्या बाहेर आल्या नाहीत. त्यांनी आधी सासूबाईंना खुर्चीत घालून, सरांना आणि त्यांच्या मुलाला धरायला लावून पुढच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर नेलं. मग पाय धुतले, माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "लाव तो नंबर."

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आले. तिशीतला शांत माणूस. त्यांनी सुई-बिई काही काढली नाही. दोरीचा ओळंबा धरून भिंत किती कलली ते पाहिलं, दारांच्या चौकटी पाहिल्या, भेग बाहेरून किती खाली जाते ते पाहिलं. मग म्हणाले, जमिनीखाली काय आहे ते पाहावं लागेल, तीन-चार ठिकाणी खड्डे घ्यावे लागतील. गल्लीतले दहा-बारा लोक अंगणात जमलेले. मावशी उघड्या पायांनी त्या खोलीत गेल्या, उचललेल्या फरशीच्या पलीकडे दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. "तीन-चार कशाले? इथं घ्या. इथं विहीर हाय. माह्या मालकानं बुजवली, अन मी लपवली." साऱ्या गल्लीसमोर, मोठ्यानं. ज्यांच्या नावावर त्या आयुष्यभर जगल्या, त्यांचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं खाली आणलं. त्या क्षणी मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका त्यांच्या सुईचा कधी वाटला नव्हता.

इंजिनिअर म्हणाले, मागची खोली पाडावीच लागेल, पुढचं घर पाया बांधून वाचवता येईल. खोलीत आजपासून कोणी जायचं नाही. आम्हाला पंधरा दिवसांत सरांच्या ओळखीनं दुसरीकडे तळमजला मिळाला; तोवर सासूबाई मावशींच्याच पलंगावर होत्या. तो आधी का नाही मिळाला, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

निघायच्या दिवशी रुग्णवाहिका दाराशी उभी होती. सासूबाईंना स्ट्रेचरवर घेतलं. मावशी पुढे आल्या. वयानं त्या चार-पाच वर्षांनी मोठ्याच असतील, पण त्यांनी वाकून सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकली मी बाई," त्या म्हणाल्या. "माफ करा म्हणत नाही. चुकली, एवढंच." मग उठून त्यांनी सासूबाईंचा चांगला हात हातात घ्यायला हात पुढे केला. सासूबाईंनी आपला हात मागे ओढून घेतला, स्वतःच्या छातीशी धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दहा महिने ज्यांच्या हातून त्यांनी खिचडी खाल्ली होती, त्यांच्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही.

मला वाटलं मावशी रडतील. त्यांनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "बरोबर केलं त्यायनं. मी असती तं थुकली असती." मग रुग्णवाहिकेचं दार त्यांनीच लावलं.

मी त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. मी चढून बसले आणि गाडी निघाली. पुढे दोनदा फोन केला, तर सासूबाईंची तब्येत विचारून त्यांनी लगेच ठेवला. खोली पाडून विहीर मुरमानं नीट भरून झाली, त्या हिवाळ्यात मावशी गेल्या. पुढचं घर मजबूत उभं आहे असं सर सांगतात. वर्षभरानं सासूबाईही गेल्या. मला त्या दोघींची आठवण नेहमी एकदमच येते. मावशींबद्दल कोणाशी चांगलं बोलायला लागले की सासूबाईंनी ओढून घेतलेला हात दिसतो, आणि वाईट बोलायला लागले की ओल्या चादरीवर वाकलेल्या मावशी. दोघींपैकी कोणाच्या बाजूनं बोलावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.